पोर निजवून आणा

माझ्या उजव्या मनगटाजवळ दातांच्या खुणा आहेत. सगळ्या दुधाच्या दातांच्या. नवा माणूस विचारतो, कुत्रं चावलं का? मी हो म्हणून टाकतो. खरं सांगायला बसलो तर समोरचा चहा निवतो. पण या दिवाळी अंकासाठी संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" असा आग्रह धरला आहे, म्हणून सांगतो. माझं काम पोरं धरण्याचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पोराचा डोळा तपासायचा आणि मी पोर धरायचं. सारा जन्म एवढंच केलं. मराठी चौथीतून शाळा सोडलेल्याला याहून मोठं काम कोण देणार? ज्यांनी हे दिलं त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि त्यांच्यापाशी राहून जे पाहिलं ते विसरायचंही नाही.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. वडील गेल्यावर लांबच्या एका मामाने "खामगावच्या जिनात चिकटवून देतो" म्हणून वऱ्हाडात आणलं. जिनातल्या कापसाच्या धुरोळ्याने थोड्याच दिवसांत माझे डोळे असे आले की सकाळी पापण्या पाण्याने भिजवून सोडवाव्या लागत. मामा म्हणाला, आंधळ्याला जिनात कोण ठेवील? अशा वेळी गावात डोळ्यांचा फिरता दवाखाना आला. डॉक्टरांनी माझे डोळे धुतले, औषध घातलं, चांगले आठवडाभर जवळ ठेवून घेतलं. निघताना विचारलं, "परत जिनात जाणार का रे?" मला रडूच कोसळलं. ते म्हणाले, "रडू नकोस. डोळ्यावर दाब येतो."

मला वाटलं, समजूत घालतायत. ते शब्दशः खरं सांगत होते.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमची औषधं नागपूरहून आगगाडीने मलकापूरला यायची, आणि तिथून पुढे बुलढाणा जिल्हाभर दवाखाना बैलगाडीतून फिरायचा. बाजाराचा दिवस बघून गाव ठरवायचं, लिंबाखाली तंबू ठोकायचा. डॉक्टर, मी आणि गाडीवान, इतकाच कारभार. मी आधी तंबू झाडायचो, भांडी उकळायचो. मग एकदा एका पोराने डॉक्टरांचा चष्मा ओढून फोडला, तेव्हापासून ते म्हणाले, "शिवराम, यापुढे पोर तू धर."

पोर धरणं म्हणजे ताकदीचं काम असं लोकांना वाटतं. तसं नाही. चादरीत पोराला असं गुंडाळायचं की हात आत राहिले पाहिजेत, पण छाती मोकळी हलली पाहिजे. डोकं आपल्या दोन गुडघ्यांत घ्यायचं, पण मानेला झोल द्यायचा नाही. बोट चुकूनही पापणीवर टेकवायचं नाही. हे सगळं का, ते समजायला मला फार दिवस लागले. वाचकांना थोडक्यात सांगतो.

आपला डोळा म्हणजे आत पाणी भरलेली गोटी. ते पाणी आत तयार होतं आणि एका बारीक वाटेने बाहेर झिरपत जातं. येणं-जाणं सारखं असलं की डोळा जसा हवा तसा राहतो. जायची वाट बुजली की पाणी साचतं, डोळा तटतटतो, आणि मागची नजरेची शीर दबून दबून मरते. मेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू काढता येतो, हे नाही काढता येत. म्हणून वेळेवर कळणं महत्त्वाचं. मोठ्या माणसांसाठी डॉक्टरांकडे मखमलीच्या पेटीत एक छोटं यंत्र होतं. डोळा बधिर करून ते बुबुळावर ठेवायचं की काटा दाब दाखवायचा. पण हातपाय झाडणाऱ्या पोराच्या डोळ्यावर लोखंड कोण ठेवील? तिथे डॉक्टरांची बोटंच काम करायची. मिटल्या पापणीवर दोन तर्जन्या ठेवायच्या, एकीने हलकेच दाबायचं, दुसरीने जाणायचं. मला शिकवताना त्यांनी बाजारातून बोरं आणि एक कवठ आणवलं. "पिकलं बोर लागलं तर चांगलं. कच्चं बोर लागलं तर शंका घे. कवठ लागलं तर..." असं म्हणून ते थांबले आणि कवठ बाजूला ठेवलं.

गंमत अशी की पोराचा डोळा क्षणाक्षणाला बदलतो. पोर रडलं, दाब चढला. श्वास कोंडला, चढला. पापण्या घट्ट आवळल्या, चढला. धरणाऱ्याने छाती दाबली तरी चढला. मेहकरकडच्या एका देशमुखांचा नातू आणला होता. उंची मखमलीचा कोट, गळ्यापर्यंत गुंड्या, त्यावर काळा दोरा, त्यावर ताईत, आणि सगळ्यांवर चांदीच्या कड्यासारखी हसळी. पोर वाढलं होतं पण हसळी नव्हती वाढली, चांगली रुतून बसली होती. डॉक्टरांनी बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा पडला. "कच्चं बोर," ते पुटपुटले. दुसरा डोळाही तसाच. मग त्यांचं लक्ष गळ्याकडे गेलं.

"दादासाहेब, ही हसळी काढा."

"हसळी निंघनार नाई डाक्टर. नवसाची हाये. देवापुढंच काढा लागते."

"देवाला सांगा, डॉक्टरने काढली."

"देव तुमाले काई नाई म्हननार हो. मले पकडीन ना तो!"

शेवटी मी तोड काढली. गुंड्या सोडल्या आणि हसळीखाली माझी दोन बोटं घालून ती गळ्यापासून वर उचलून धरली. देवही राजी, डॉक्टरही राजी. पोराच्या तोंडात गुळाचा खडा दिला. पोर चघळत बसलं, श्वास संथ झाला, आणि डॉक्टरांनी पुन्हा बोटं ठेवली. ते हसले. "पिकलं बोर."

देशमुख चकित. "म्हंजे डोया गयात असते का डाक्टर?"

"डोळा डोक्यातच असतो दादासाहेब. पण डोक्यातलं रक्त परत खाली यायची वाट गळ्यातून आहे. ती आवळली की वर तुंबारा होतो."

"ऐकलं का बे?" देशमुख नातवाला म्हणाले. "तुह्या आजीनं हसळी घातली अन् तुहा डोया वाचवला कोकन्यानं." त्यावर नातवाने माझ्या मनगटात दात रोवले. वरून तिसरी खूण ती.

तर मुद्दा असा, की रडणाऱ्या पोराचा डोळा खरं बोलत नाही. आणि बाजाराच्या दिवशी तंबूबाहेर रांगेत एक पोर रडायला लागलं की सगळी लागायची. डॉक्टरांनी मग नेम काढला. आयांनी पोराला पोटभर पाजावं, मांडीवर आपसूक निजू द्यावं, आणि मग आत आणावं. निजलेल्या पोराच्या पापण्या सैल असतात, श्वास संथ असतो. विचार शहाणपणाचा होता. आजही मला तो शहाणपणाचाच वाटतो. म्हणूनच जास्त टोचतो.

लोणारला आमची फिरती गेली, तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. लोणार मला आवडायचं. सरोवराचा तो खारा, उग्र वास आला की खाडी आठवायची. वास अगदी वेगळा, पण परमुलखात माणूस खाऱ्याला खारं जोडून घेतो. तिथला कोतवाल डफडं वाजवून दवंडी द्यायचा. त्याचा आवाज मोठा आणि दम लहान. डॉक्टरांनी त्याला सगळं नीट समजावलं, पाजा, मांडीवर निजू द्या, मग या. त्याने मान डोलावली, आणि बाजारात जाऊन तेवढंच ओरडला, जेवढं एका दमात मावलं:

"ऐका होऽऽ! डोयेवाला डाक्टर आला हाये! रडतं लेकरू आनू नका! निजवून आना होऽऽ!"

आम्ही तंबूतून ऐकलं. डॉक्टर हसून म्हणाले, "बरोबर सांगितलं गड्यानं." मीही हसलो.

त्या दिवशी तंबू इतका शांत, की बाहेरचे बैल रवंथ करताना ऐकू यावेत. एकामागून एक बाया येत होत्या आणि प्रत्येकीच्या खांद्यावर पोर गाढ झोपलेलं. डॉक्टरांची बोटं भराभर चालली. "शिवराम, आज तुला सुट्टीच म्हणायची!" मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. पुढच्या गावांतही हीच दवंडी द्यायची असं तिथेच ठरलं.

रांगेत पारबती होती. कोवळ्या वयाची, डोक्यावरच्या पदरात कापसाचे तंतू अडकलेले, वावरातून तशीच आलेली. खांद्यावर काही महिन्यांची मुलगी, मैना.

"काय होतंय हिला?" मी विचारलं.

"काई नाई भाऊ, डोयातून पानी गयते. बाकी लेकरू चांगलं हाये." मग जरा लाजून म्हणाली, "डोये पाह्यले का तिचे? केवढाले हायत! सारं गाव म्हन्ते, हरिनीची पोरगी आनली हिनं."

तिने खांदा बदलला तशी मैनाने क्षणभर पापण्या अर्धवट उघडल्या. खरंच टपोरे, काळेभोर, पाण्याने चकाकणारे डोळे. मला माझी धाकटी बहीण आठवली, गावी राहिलेली.

"सुंदर आहेत हो वैनी," मी म्हणालो. "तीट लावत जा. दृष्ट लागेल."

"लावतो ना," पारबती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला उगीचच आपण काहीतरी दिल्यासारखं वाटलं.

आत गेल्यावर मी डॉक्टरांनाही म्हटलं, "साहेब, हिचे डोळे बघण्यासारखे आहेत." "असू देत, झोपली आहे, उठवू नकोस," ते म्हणाले. त्यांनी बोटं ठेवली. "पिकलं बोर." हलकेच पापणी उचलली, पण गाढ झोपेत बुबुळ वर चढलेलं असतं, पांढरंच दिसलं. बाहेर अजून लांबलचक रांग. त्यांनी पारबतीला सांगितलं, "डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची एक बारीक नळी असते, तान्ह्या मुलांची कधी कधी बुजलेली असते. इथे, नाकाच्या कडेला, रोज बोटाने हलकं चोळा. उघडेल. पुन्हा आम्ही आलो की दाखवा."

पारबतीने दोन्ही हात जोडले. मैना जागी झाली नाही.

मग पावसाळा आला. काळ्या मातीच्या वाटा गाडी गिळतात, तेव्हा पावसाळ्यात आमची फिरती बंद असायची. दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा निघालो ते उलट्या बाजूने, देऊळगाव राजाकडून. तिथेही दवंडी झाली, "निजवून आना." तिथेही पोरं शांत.

एक म्हातारी नातवाला घेऊन आली. पोराच्या डोळ्यात चिपडं होती, साधंच दुखणं. डॉक्टरांनी डोळा धुवायला थंड पाण्याची धार सोडली. पोर हललं नाही. कितीही गाढ निजलेलं पोर थंड पाण्याने दचकतंच. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पापणी पूर्ण उचलली, दिवा जवळ घेतला. मीही वाकून बघितलं. डोळ्यातली बाहुली राईच्या दाण्याएवढी झाली होती. त्यांनी तळपायाला जोरात चिमटा काढला. काही नाही. श्वास इतका हळू की छाती हलते की नाही कळेना.

"आजी, काय दिलंत याला?"

"काय देनार बाप्पा? येवढुशी गोयी." तिने करंगळीचं टोक दाखवलं.

अफू. वऱ्हाडात तेव्हा सरकारी ठेक्याच्या दुकानात ती उघड मिळायची, आणि वेचणीला जाणाऱ्या बाया पोराला तिची कणी देऊन वावराच्या कडेला झोळीत निजवायच्या. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मीही कितीदा अशा झोळ्या पाहिल्या होत्या, शेजारून गेलो होतो.

डॉक्टर ओरडले, "शिवराम, पोर उचल! झोपू देऊ नकोस!" त्या दिवशी मी पोर धरलं नाही, पोर हलवलं. तंबूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याला खांद्यावर आपटत चाललो, तळव्यांवर चापट्या मारल्या, तोंडावर पाणी शिंपडलं. डॉक्टर चमच्याने काळा चहा घशात सोडत होते. म्हातारी कोपऱ्यात बसून "काय करून राह्यले रे माह्या लेकराले" म्हणून हंबरडा फोडत होती. ऊन कलायला आलं तेव्हा कुठे पोराने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडलं. काय रडलं! डॉक्टर खाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, "रड बाळा. रड."

म्हातारीला धीर आल्यावर त्यांनी विचारलं, "रोज एवढीच देता?"

"नाई. रोज इतलीशी. आज जराशी जास्त देल्ली, साह्यबापुढं रडू नाई म्हनून."

"पण द्यायला सांगितलं कुणी?"

"तुमीच त सांगतलं!" म्हातारी चिडली. "डफडं वाजवून सांगतलं, निजवून आना. बजाराच्या टायमाले लेकरू आपल्या मनानं निजते का? तुमाले हायत का लेकरं?"

डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. तंबू आवरताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि फार हळू आवाजात समजावलं, जणू स्वतःलाच समजावत होते. अफूने डोळ्याचा दाब उतरतो. "रडणारं पोर दाब चढवून सांगतं, शिवराम. अफूचं पोर उतरवून सांगतं. पहिलं खोटं परवडतं, उगीच काळजी होते एवढंच. दुसरं नाही परवडत." आणि मग म्हणाले, "लोणारची ती मुलगी आठवते? तू म्हणाला होतास, डोळे बघण्यासारखे आहेत."

मी मान डोलावली. तिची आठवण का काढली, ते कळलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं. मोठ्या माणसाच्या डोळ्याचं कवच टणक असतं, आत दाब वाढला तर डोळा ठणकतो. तान्ह्या मुलाचं कवच मऊ असतं. आत दाब वाढला की ते ताणतं आणि डोळा वाढत जातो. मोठा होतो. टपोरा होतो. पाणी गळतं, म्हणून चकाकतो. उजेड मात्र त्याला सोसत नाही.

"म्हणजे साहेब..."

"म्हणजे जे तू सुंदर म्हणालास, तेच दुखणं असू शकतं."

पुढची सगळी गावं सोडून आम्ही गाडी लोणारकडे वळवली. मला पारबतीचं नाव ठाऊक नव्हतं, तिचं गाव ठाऊक नव्हतं. वाटभर मनात एकच, की नसेल तसं काही. डोळे असतातच की कुणाकुणाचे मोठे. माझ्या बहिणीचेही होते. कोतवालाला गाठून विचारलं, मोठ्या डोळ्यांची, पाणी गळणारी लहान मुलगी कुणाची?

"मोठ्या डोयाची?" त्याने डोकं खाजवलं. "आरे, ते लाजरी! पारबतीची मैना! हाये ना, इथूनच कोसावर."

"लाजरी का म्हणतात?"

"लय लाजते ना ते. कोनी आलं का मायच्या खांद्यात तोंड खुपसते. उजेडात येतच नाई."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

पारबती अंगणात सरकी निवडत होती. आम्हाला बघून लगबगीने उठली, घोंगडी अंथरली, घरात हाक दिली, "मैने, ये वं! डोयेवाले डाक्टर आले तुले भेटाले!" मैना भिंतीला धरून आली, उंबऱ्यापाशी ऊन लागलं तशी थबकली आणि तोंड आईच्या लुगड्यात खुपसलं. "पाहा, कशी लाजते," पारबती हसून म्हणाली. "सोयरे आले तरी असंच. पन पानी नाई बा थांबलं डाक्टर. मी एक दिवस सोडला नाई. तुमी सांगतलं तसंच नाकाच्या बाजूनं रोज चोयतो."

तिने ते करून दाखवलं. बोट अगदी बरोबर जागी ठेवलं होतं.

डॉक्टरांनी मैनाला सावलीत घेतलं. मी तिचं डोकं धरलं, पण धरायची गरज नव्हती, पोर रडत नव्हतं, नुसतं पापण्या मिटून बसलं होतं. उजवं बुबुळ निळसर पांढरं झालेलं, आभाळ दाटल्यासारखं. डावं अजून बरंचसं काळं होतं. डॉक्टरांनी दोन्हींवर बोटं ठेवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बोराचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"त्या दिवशी हिला गोळी दिली होती का बाई?"

पारबती गोंधळली. "देल्ली होती. निजवून आना म्हनलं ना..."

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाले. "मी झोपेतल्या डोळ्यावर विश्वास ठेवला."

"तुमची काऊन?" ती एकदम म्हणाली. मग तिला हळूहळू उमगत गेलं, आणि चोळायचं ते बोट तिने मुठीत आवळलं. "तुमची नाई. गोयी त म्या देल्ली. म्या देल्ली ना."

दोघंही चूक आपल्याकडे ओढत होते, आणि मी मधे पोराचं डोकं धरून बसलो होतो. रांगेत मी काय म्हणालो होतो, ते त्या दोघांना आठवत होतं की नाही, कोण जाणे. मला आठवत होतं.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात मायलेकींना नागपूरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जलंबला गाडी बदलायची होती. सगळ्या प्रवासात मैना डॉक्टरांच्या मांडीवर होती. त्यांनी आपला पांढरा रुमाल तिच्या डोळ्यांवर सावलीसारखा धरला होता. मी म्हटलं, "द्या साहेब, मी धरतो." ते म्हणाले, "राहू दे." तिथे शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्यातलं पाणी जायची वाट मोकळी झाली, नजर बरीच राहिली. उजवा गेलाच होता. "गेल्या वेचणीला तुम्ही पहिल्यांदा बघितली तेव्हाच आम्ही हात लावला असता तर," तिथले सर्जन सांगायला लागले, आणि डॉक्टरांनी मान हलवून त्यांना थांबवलं. पुढचं वाक्य आम्हाला माहीत होतं.

परत आल्यावर डॉक्टरांनी दवंडी बंद केली. ते स्वतः बाजारात बायांपुढे उभे राहून सांगू लागले, की पोराला अफू देऊ नका. डॉक्टर माणूस मोठा, पण बोलायला भिडस्त. एकदा एका बाईने भाजीची पाटी खाली ठेवून त्यांना विचारलं, "मंग वावरात लेकरू कोन पाहीन डाक्टर? तू येतं का झोका द्याले?" सगळा बाजार हसला. डॉक्टरही हसले. मग आम्ही तंबूमागे पडद्याआड एक घोंगडी टाकली. आयांनी तिथे बसायचं, पाजायचं, पोर आमच्यादेखत आपसूक निजायची वाट पाहायची. नाही निजलं तर रडून दमायची वाट पाहायची. दिवसाला पूर्वीच्या निम्मीही पोरं होईनात. लोक कुरकुरले, काही माघारी गेले. माघारी गेलेल्यांत कुणी मैना असेल का, ही चिंता मला तेव्हा खात असे, आणि म्हातारपणी पुन्हा खायला लागली आहे.

डॉक्टर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या शेवटच्या आजारात मी पायाशी होतो. फिरता दवाखाना बंद होऊन तालुक्याच्या गावी पक्का झाला, तिथे नव्या तरुण डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं. त्यांचेही उपकारच. गावी परतायचं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी राहतं. तिकडे आता ओळखणारं कुणी नाही, आणि इथली पोरं मला काका म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात दवाखान्याच्या ओसरीवर एक बाई आली. कडेवरचं तान्हं पोर आकांताने रडत होतं आणि ती त्याला अजिबात गप्प करत नव्हती. बाकीच्या बाया तिच्याकडे रागाने बघत होत्या. जवळ आली तशी तिने मान किंचित वळवली, डावा डोळा माझ्यापुढे यावा म्हणून. त्या वळण्यावरूनच मी ओळखलं.

"मैना?"

"हाव काका. रडू द्या तिले. म्या निजवली नाई. काईच देल्लं नाई, नुसतं दूध."

"काय होतंय? पाणी गळतं?"

"नाई."

"उजेडाला तोंड लपवते?"

"नाई."

"मग आणलीस कशाला एवढ्या लांब?"

मैनाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला, जणू काही लाजिरवाणं सांगायचं होतं. "लोकं म्हन्तात काका, डोये लय सुंदर हायत पोरीचे."

मी तिला आतल्या बाकावर बसवलं. पोर प्यालं, हुंदके देत देत तिच्या मांडीवर आपसूक झोपलं. तरुण डॉक्टरांना मी आधीच सगळं सांगितलं होतं, त्यांनी घाई केली नाही. बोटं ठेवून पाहिली, मग पोर जागं झाल्यावर दिवा धरून दोन्ही बुबुळं नीट तपासली, पट्टी धरून मापली. "काही नाही," ते म्हणाले. "अगदी निरोगी डोळे आहेत."

"मंग मोठे काऊन हायत?"

"असतात एखादीचे. नुसते सुंदर आहेत, झालं." ते हसून पुढच्या रोग्याकडे वळले.

मैनाचा विश्वास बसेना. तिने मान वळवून आपला एक डोळा माझ्यावर धरला. "काका, तुमी सांगा. नुसते सुंदरच हायत ना?"

पोर माझ्याकडे टक लावून बघत होतं. टपोरे, काळेभोर, कोरडे डोळे. हो म्हणायचं होतं, दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. पण तो शब्द मी एकदा तिच्या आईला रांगेत देऊन बसलो होतो, आणि तो पुन्हा काही केल्या तोंडातून निघेना.

"पुढच्या महिन्यात परत दाखव," मी म्हणालो. "आणि येताना अशीच रडती आण."